२० उत्तर, ७७ पूर्व

नकाशा उघडून अक्षांश २०, रेखांश ७७ टाका. टाचणी पडते ती वाशिमच्या नैर्ऋत्येला, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, हिंगोलीच्या हद्दीलगत. पैनगंगेचं खोरं, काळी जमीन, खरिपात सोयाबीन आणि तूर. समुद्राखालून आलेली केबल इथे वर येत नाही आणि कुठल्या टेलिकॉम कंपनीचं मुख्यालयही इथे नाही. तरी कित्येक वर्षं, कुठला पत्ता कुठल्या जागेचा हे सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये भारतातले असंख्य आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला मिळणारे आकडी पत्ते) याच बिंदूवर मुक्कामाला होते. कुणी इटानगरातून वेबसाइट उघडो की इचलकरंजीतून, वेबसाइट यादीला विचारायची, हा पत्ता कुठला? यादीला देशाच्या पलीकडे काही ठाऊक नसलं की उत्तर यायचं, २०, ७७.

हा आकडा कुणी उपग्रहानं मोजून काढलेला नाही. अमेरिकेच्या सीआयएच्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’मध्ये प्रत्येक देशापुढे एक अक्षांश आणि एक रेखांश दिलेला असायचा, भारतापुढे २० उत्तर, ७७ पूर्व आणि अमेरिकेपुढे ३८ उत्तर, ९७ पश्चिम. देश साधारण कुठे आहे हे सांगण्यापुरते गोळाबेरीज आकडे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशासाठी ठीकच. पण संगणकाच्या तक्त्यात अक्षांश-रेखांशाचा रकाना असतो, आणि रकाना दिसला की तो भरायचा हा तक्ता करणाऱ्या सगळ्यांचा स्वभाव. मग गोळाबेरीज आकडा तिथे जाऊन बसतो आणि बाहेरच्या माणसाला तो एखाद्या घराच्या उंबरठ्याइतका नेमका दिसतो.

मी एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळते. ‘आमचं लोकेशन चुकीचं दाखवतंय’ ही तक्रार माझ्याकडे बारमाही येते. लोकेशन चुकतं याचं मला आता काहीच वाटत नाही, ते चुकणारच. मला राग येतो तो या याद्यांच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे दोन शब्द कधीच बाहेर पडत नाहीत याचा.

वाशिमच्या बिंदूकडे मी गंमत म्हणून बघू शकते. अमेरिकेच्या बिंदूकडे तसं बघता येत नाही. ३८ उत्तर, ९७ पश्चिम हे ठिकाण कॅन्सस राज्यात, बटलर काउंटीत, पॉटविन नावाच्या लहानशा गावाजवळच्या एका शेतावर येतं. मॅक्समाइंड ही २००२ साली सुरू झालेली कंपनी आयपीवरून जागा सांगणाऱ्या याद्या तयार करते आणि असंख्य वेबसाइट त्या वापरतात. अमेरिकेतला आहे एवढंच कळलं, पुढचं काही कळलं नाही, अशा प्रत्येक पत्त्यासमोर कंपनीनं हा एकच बिंदू लिहून ठेवला होता. असे पत्ते साठले ६० कोटींहून जास्त.

शेताची मालकीण वयस्क बाई. तिच्याकडे भाड्यानं राहणारं कुटुंब २०११ मध्ये तिथे आलं आणि सामान लावून होतंय तोवर चोरीचा ट्रक शोधत पोलीस दारात उभे राहिले. मग रीघच लागली. घरातून पळालेल्या मुलांचा माग काढत येणारे, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेले, करबुडव्यांना शोधणारे सरकारी अधिकारी, एफबीआयची माणसं. आत्महत्या करायला निघालेल्या कुणा माजी सैनिकाला वाचवायला अ‍ॅम्ब्युलन्ससुद्धा येऊन गेली. एकानं रागानं मोडका कमोड आणून दारातल्या रस्त्यावर टाकला. शेवटी तिथल्या शेरीफनं, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखानं, रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावली, की या घराच्या वाटेला जाऊ नका, काही असेल तर मला फोन करा. या सगळ्याचं मूळ कशात आहे हे घरातल्यांना कळत नव्हतं, शेरीफलाही कळत नव्हतं. काश्मीर हिल या पत्रकार बाईंनी एप्रिल २०१६ मध्ये ते शोधून छापलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. भाडेकरूंनी त्याच ऑगस्टमध्ये कंपनीवर दावा लावला.

कंपनीनं मग काय केलं? बिंदू उचलला आणि विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तलावाच्या मधोमध नेऊन टाकला. पाण्यात कुणाचं दार नसतं, त्यामुळे ते ठोठवायलाही कुणी जात नाही. उपाय म्हणून हा चोख आहे, मी नाकारत नाही. पण बघा, ‘माहीत नाही’ म्हणायची वेळ आली तर तेही अक्षांश-रेखांशातच म्हटलं. रकाना काही रिकामा ठेवला नाही.

असंच दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला झालं. तिथल्या एका घराच्या आवारात चोरीचे फोन शोधत लोक आणि पोलीस येत राहिले. अमेरिकेच्या एका सरकारी नकाशा संस्थेनं ‘प्रिटोरिया’ या शहरासाठी जो एक बिंदू ठरवला होता तो नेमका त्या घराच्या परसात पडत होता, आणि याद्यांनी तो उचलला होता. ही हकिगत २०१९ मध्ये बाहेर आली. शहर कळलं, गल्ली कळली नाही, तरी टाचणी टोचायची ती कुणाच्या तरी परसातच.

आता आयपीमधून जागा कळत का नाही, ते. लँडलाइनच्या नंबरापुढे ०२३१ दिसलं की कोल्हापूर हे डोळे मिटून सांगता यायचं, कारण नंबर वाटतानाच जागेनुसार वाटले होते. आयपीचं तसं नाही. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता हा ३२ बिटांचा नुसता आकडा आहे. असे आकडे जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. ते पाच प्रादेशिक संस्थांमार्फत वाटले जातात. आपल्या भागाची संस्था एपनिक, तिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, आणि भारतात २०१२ पासून निक्सी या इंटरनेट संस्थेच्या छत्राखालची इरिन. या संस्था कंपनीला पत्त्यांचा गठ्ठा देतात आणि दप्तरात लिहितात, अमुक गठ्ठा तमुक कंपनीला, कंपनीचं कार्यालय अमक्या शहरात. ती कंपनी त्यातला कुठला पत्ता अंधेरीत वापरते आणि कुठला अहेरीत, हे त्या दप्तरात नसतं. उद्या अहेरीचा अंधेरीला नेला तरी कुणाला कळवायचं बंधन नाही.

मग याद्या करणारे काय करतात? दप्तरातलं कार्यालयाचं शहर घेतात. वाटेतल्या राऊटरांच्या, म्हणजे डेटा पुढे धाडणाऱ्या यंत्रांच्या, नावात ‘पुणे’, ‘मुंबई’ अशी काही खूण दिसते का ते चाळतात. ज्या अ‍ॅपना आपण लोकेशनची परवानगी देऊन बसलेलो असतो, त्यांच्याकडून मिळालेली माहिती काही जण जुळवतात. आणि पत्त्याला सिग्नल पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजतात. हा शेवटचा प्रकार मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्याच्या मागे प्रकाशाचा वेग उभा आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त १०० किलोमीटरचं अंतर बसतं. पुण्यातून एखाद्या पत्त्याला विचारलं आणि उत्तर चार मिलिसेकंदांत आलं, तर तो पत्ता चारशे किलोमीटरच्या आतच असणार. यादी छातीठोकपणे चेन्नई म्हणत असली तरी तो चेन्नईत नाही, कारण चेन्नई सरळ रेषेतसुद्धा नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की चेन्नई नाही. सातारा की सोलापूर, ते सांगायला हा हिशेब पुरत नाही. शिवाय केबल सरळ रेषेत जात नाही आणि रस्ता रुंदीकरणात तुटली की कुठूनही फिरून जाते.

मोबाइलवर तर सगळंच वेगळं. रत्नागिरीत बसून फोनवर बातमी उघडली की ती मागणी टॉवरवरून निघते, पण टॉवरवर ती इंटरनेटला भेटत नाही. टेलिकॉम कंपनीच्या आतल्या जाळ्यातून ती एखाद्या मोठ्या शहरातल्या गेटवेपर्यंत जाते आणि तिथून बाहेर पडते. बाहेरच्या जगाला दिसतो तो गेटवेचा पत्ता. टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो आणि मुंबईचं सर्कल वेगळं आहे, पण गेटवे कुठे ठेवायचे हे सर्कल बघून ठरेलच असं नाही. गर्दी कुठे आहे, यंत्रं कुठे आहेत, वीज आणि केबल कुठे स्वस्त पडते, यावर ते ठरतं. म्हणून म्हापशातल्या माणसाला पुण्याचं हवामान दिसतं आणि परभणीतल्याला मुंबईतल्या फ्लॅटच्या जाहिराती.

मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरहून मामीचा फोन आला. रात्रीचे दहा वाजून गेलेले.

‘अगं, चेन्नईत कोण बसलंय माझं मेल उघडून?’

मी म्हटलं, मेल मला पाठव. तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला. नवीन लॉगिन, वेळ रात्री ९:१२, एका अँड्रॉइड फोनचं मॉडेल, आणि खाली ठळक अक्षरांत चेन्नई, तमिळनाडू. मागून मामांचा आवाज ऐकू येत होता. ते दुसऱ्या फोनवर बँकेला कार्ड बंद करायला सांगत होते.

‘मामी, आज काही नवीन घेतलंस का?’

घेतला होता. संध्याकाळी राजारामपुरीतून नवा फोन. दुकानातल्या पोरानं सगळं चालू करून दिलं होतं, मेल मात्र तिनं घरी येऊन जेवणानंतर स्वतः घातलं होतं. खोक्यावरचं मॉडेल वाचायला सांगितलं. तेच. वेळही तीच.

‘मग चेन्नई कशाला म्हणतंय ते?’

‘त्यांना वाटलं म्हणून.’

‘वाटलं म्हणून लिहितात होय!’

याच्याइतकं नेमकं या विषयावर मी कुठे ऐकलं नाही. त्या रात्री मामीचा फोन ज्या पत्त्यावरून बाहेर पडला, तो कुठल्या तरी यादीत चेन्नईच्या नावावर होता. एवढंच. उद्या तोच फोन त्याच सोफ्यावरून नाशिकचा दिसेल. मेलमध्ये ‘साधारण ठिकाण’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी नंतर शोधलं तेव्हा सापडलं. पण रात्री दहाला घाबरलेल्या माणसाला शहराचं नाव दिसतं, बारीक अक्षर दिसत नाही. मी सगळ्यांना सांगते, असं मेल आलं की आधी वेळ बघा, मग उपकरण बघा. शहर वाचूच नका. वेळ आणि उपकरण आपलं नसेल तर पासवर्ड लगेच बदला, मग शहर तुमचंच दिसत असलं तरी. कारण चोराच्या आयपीचं लोकेशनही तितकंच बेभरवशाचं.

याच्या उलट नमुना परदेशात बघायला मिळतो. चुलत बहीण जर्मनीला गेली तेव्हा इथलंच सिम रोमिंगवर ठेवून होती. फ्रँकफर्टच्या खोलीत सिमच्या डेटावर तिचा फोन भारतातला दिसायचा आणि वायफाय लावलं की जर्मनीतला. फोन तोच, खुर्ची तीच. रोमिंगमध्ये डेटा सहसा आधी आपल्या मूळ कंपनीकडे परत येतो आणि तिच्या गेटवेमधून इंटरनेटवर जातो, म्हणून असं होतं. वेग त्यामुळे मंदावतो, पण इथल्या मालिका आणि मॅच तिथे बसून दिसतात, म्हणून तिनं तक्रार केली नाही.

पत्ते संपल्यामुळे गोंधळ आणखी वाढला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ च्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला एपनिक आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली. तेव्हापासून या आकड्यांचा बाजार भरतो. दिवाळ्यात निघालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये ७५ लाख डॉलरना घेतले. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठानं आपल्याकडचे लाखो पत्ते २०१७ मध्ये विकायला काढले, ते अ‍ॅमेझॉनकडे गेले. घर विकलं की सातबारा, आठ-अ, घरपट्टी सगळ्यांवर नाव चढवायला तलाठ्यापासून नगरपालिकेपर्यंत हेलपाटे असतात. इथे तर किती याद्या आहेत आणि कुणाकडे कुठली जुनी प्रत पडून आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०१४ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टलाच हा अनुभव आला. अमेरिकेतल्या त्यांच्या क्लाउडमध्ये, म्हणजे भाड्यानं द्यायच्या यंत्रांसाठी, अमेरिकेच्या नावावरचे पत्ते पुरेनात, म्हणून त्यांनी दुसऱ्या देशांच्या नावावरचे आपले पत्ते तिथे लावले. अमेरिकेतल्या यंत्रावर काम करणाऱ्यांना अचानक ब्राझीलची पानं दिसायला लागली. यंत्र जागचं हललं नव्हतं.

आमच्या कंपनीनं लातूर जिल्ह्यातल्या ग्राहकांसाठी मध्यंतरी असाच एक गठ्ठा भाड्यानं घेतला. लहान कंपन्यांना दुसरा मार्गही नसतो. रात्री दोन वाजता आम्ही जुने पत्ते काढून नवे लावले, सगळं नीट चाललं, आणि सकाळी नऊपासून फोन सुरू झाले. गठ्ठा त्याआधी पूर्व युरोपात वापरात होता. एका ग्राहकाला मोबाइलच्या कव्हरची किंमत रोमेनियाच्या चलनात दिसत होती. एकाला जाहिराती अशा भाषेत येत होत्या की त्यानं फोटो काढून ‘हॅक झालं काय?’ म्हणून पाठवला. मॅच चालू होती आणि ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं येत होतं. तो फोन कसा होता ते लिहीत नाही. पण खरा त्रास निराळाच होता. आपल्याकडची बरीच सरकारी संकेतस्थळं देशाबाहेरच्या आयपीला उघडतच नाहीत. सुरक्षेसाठी तशी सोय केलेली असते. अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर, आणि उदगीरमधला मुलगा त्या संकेतस्थळाच्या दृष्टीनं परदेशी. पान नुसतं फिरत राहायचं. नकार आला असता तरी त्याला काहीतरी कळलं असतं. त्या दोन दिवसांसाठी आम्ही त्याच्यासारख्यांना जुन्या पत्त्यांवर परत नेऊन ठेवलं.

मग याद्या करणाऱ्यांना एकेक अर्ज. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा. एका यादीनं चार दिवसांत दुरुस्ती केली. दुसरीनं महिना घेतला. काही वेबसाइट यादीची जुनी प्रत वापरत होत्या, त्यांना यादी दुरुस्त झाल्याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे एकच ग्राहक एकाच वेळी एका साइटवर लातूरचा, दुसरीवर मुंबईचा आणि तिसरीवर बुखारेस्टचा होता. लोक मला विचारतात, लोकेशन आपोआप का बदललं? बहुतेक वेळा बदललेलं असतं ते कुणाचं तरी मत, आणि ते त्यांनी कधी बदललं हे ते सांगत नाहीत. घरचा राऊटर बंद करून चालू केला तरी नवा आयपी मिळू शकतो आणि त्याच्यासोबत नवं शहर, पण तो भाग किरकोळ.

पत्ते वाचवायला टेलिकॉमवाल्यांनी आणखी एक युक्ती काढली, ती म्हणजे एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवायचे. जुन्या पेठेतल्या वाड्यासारखं, आत चाळीस बिऱ्हाडं आणि रस्त्यावर दिंडी दरवाजा एकच. आतल्या वापरासाठी १००.६४ पासून सुरू होणारे सुमारे ४२ लाख पत्ते एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले. तुमच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये असा आकडा दिसला तर समजायचं, बाहेर दिसणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. त्या क्षणी त्या दरवाजातून कोण गेलं हे कळायला आयपीसोबत पोर्टचा, म्हणजे त्या जोडणीपुरता दिलेला, आकडा लागतो आणि वेळ सेकंदापर्यंत अचूक लागते. वेळेतही एक खोडा असतो. परदेशी कंपन्यांच्या नोंदी बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. तिथले पहाटेचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. साडेपाच तासांचा हा फरक कुणी धरायला विसरलं, तर कागदावर दुसराच माणूस येतो.

हे कागद किती जड असतात याचं उदाहरण पुण्याशीच जोडलेलं आहे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकल्याचा आरोप होता. पोलिसांच्या हातात आयपी होता, आणि तो कुणाचा हे टेलिकॉम कंपनीनं कळवलं होतं. कंपनीची माहिती चुकीची निघाली. तोवर त्या माणसाचे येरवड्यात सुमारे ५० दिवस गेले होते. इथे चूक नकाशावरच्या टाचणीची नव्हती, आयपीपुढे लिहिलेल्या नावाची होती. पण जात एकच. आयपीपुढे कुणीतरी काहीतरी लिहिलं, वाचणाऱ्यानं ते पुरावा म्हणून वाचलं, आणि यात शंकेला जागा किती, हे लिहायला कागदावर जागाच नव्हती. मॅक्समाइंड आता आपल्या माहितीत स्पष्ट सांगते, की हे बिंदू घर किंवा कुटुंब ओळखायला वापरू नका, आणि प्रत्येक बिंदूसोबत किती किलोमीटरच्या परिघात तो धरायचा तेही देते. चांगलं आहे. पण परिघाचा रकाना वेबसाइट बनवणारे दाखवत नाहीत. टाचणी दाखवतात, कारण टाचणी बघायला बरी वाटते.

मुद्दाम लपवणाऱ्यांचं तर बोलायलाच नको, पण त्यात एक भारतीय प्रकरण आहे ते सांगण्यासारखं आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी, म्हणजे आपला खरा आयपी झाकून दुसरा दाखवण्याची सेवा देणाऱ्यांनी, ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. मग भारतातला आयपी हवा असणाऱ्या ग्राहकांचं काय? एक्सप्रेसव्हीपीएननं सांगितलं, मिळेल की, पण यंत्रं सिंगापूर आणि ब्रिटनमध्ये असतील. म्हणजे जगभरच्या याद्या ज्याला भारत म्हणतात असा पत्ता, आणि तो चालवणारी पेटी सिंगापुरात. यादीवाल्यांनी इथे चूक केली असंही म्हणता येत नाही. त्यांना जे सांगण्यात आलं ते त्यांनी लिहिलं.

आणि एकच पत्ता एकाच वेळी शंभर शहरांत असूही शकतो. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता मुंबईतून विचारला तर जवळचं यंत्र उत्तर देतं आणि साओ पावलोतून विचारला तर तिथलं. त्याचं लोकेशन विचारणंच चुकीचं आहे, पण याद्यांमध्ये त्याच्यापुढेही एक टाचणी टोचलेली असते.

मग सुधारणा काही होतेय का? होतेय. ऑगस्ट २०२० मध्ये ‘जिओफीड’ नावाची एक साधी पद्धत ठरली. ज्याच्याकडे पत्ते आहेत त्यानंच एक फाइल आपल्या वेबसाइटवर ठेवायची. प्रत्येक ओळीत गठ्ठा, देश, राज्य, शहर. याद्या करणारे ती फाइल वाचतात. मला ही पद्धत आवडते, कारण पत्ते कुठे वापरतो हे निदान वापरणाऱ्याला तरी माहीत असतं. शिवाय यात शहराचा रकाना रिकामा ठेवायची परवानगी आहे.

आमची फाइल मी करायला घेतली. गावागणिक ओळी कराव्यात म्हणून अहमदपूरकडच्या केबलवाल्याला फोन लावला, की कुठल्या गावाला कुठले पत्ते जातात त्याची यादी दे.

तो म्हणाला, ‘मॅडम, यादी कशाची देऊ? वायर कुठनं कुठं जातीय ते दर आठवड्याला बदलतंय. जिथं जागा मोकळी दिसली तिथं जोडतोय मी. तुम्ही लातूर लिवा की.’

खरं सांगायचं तर तो बरोबर होता. गाव मला माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं. म्हणून मी देश लिहिला, राज्य लिहिलं आणि शहराचा रकाना रिकामा सोडला.

काही आठवड्यांनी बघितलं तर एका यादीनं त्या सगळ्या ओळींपुढे मुंबई भरून ठेवलं होतं. हवामान, भाजीचे भाव, जाहिराती सगळं मुंबईचं. ग्राहकांचे फोन पुन्हा सुरू झाले. मग मी लातूर लिहिलं.